सोनं सहसा कशाशी अभिक्रिया करत नाही, मग नॅनो सोनं उत्प्रेरक कसं?

तुम्ही विचारलंय की सोनं इतकं निष्क्रिय, तर तेच नॅनो आकारात कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) कसं होतं. आणि एमएस्सीनंतर पुण्यात राहून यात पीएचडी करावी का. मी पाषाणला याच विषयावर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिअ‍ॅक्शन घडते ती कॅटॅलिस्टच्या पृष्ठभागावर, आतल्या अणूंचा तिथे फारसा उपयोग नाही. 1 घन सेंटीमीटर सोन्याच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटीमीटर. त्याचेच 5 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) बाजूचे ठोकळे पाडले तर तो 1200 चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ बारा गुंठे! सोन्याचं मात्र एवढ्यावर भागत नाही. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या अणूंना शेजारी कमी, म्हणून ते आलेल्या रेणूला धरून ठेवतात. शिवाय कण ज्या ऑक्साइडवर बसलेला असतो, त्या दोघांच्या सीमेवर ऑक्सिजन सक्रिय होतो. मासाताके हारुता यांनी 1987 मध्ये दाखवलं की असं सोनं शून्य अंशाच्याही खूप खाली कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतं. तोवर सोन्याला या कामात फारसं कुणी धरत नव्हतं.

बनवायची रीत ऐकायला सोपी आहे. क्लोरोऑरिक आम्लाचं, म्हणजे सोनं असलेल्या आम्लाचं, पिवळं द्रावण घ्यायचं, पीएच (आम्लतेचं माप) सांभाळत टायटॅनियावर (टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या पावडरवर) सोनं बसवायचं, धुवायचं, भट्टीत तापवायचं. पांढरी पावडर फिक्या जांभळ्या रंगाची होऊन बाहेर येते. यात सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम धुण्याचं. क्लोराइड मागे राहिलं तर तापवताना कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, याला सिंटरिंग म्हणतात.

माझं स्पष्ट मत आहे की या क्षेत्रातला खरा प्रश्न इथेच आहे. बारीक कण आज अनेकांना करता येतात. ते शेकडो तास, उष्णतेत, बारीकच ठेवणं अवघड. गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधलं प्लॅटिनम, पॅलेडियमही याच सिंटरिंगमुळे हळूहळू मंदावतं. तरीही कितीतरी पेपरांत ताज्या कॅटॅलिस्टचे सुंदर टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) फोटो असतात आणि वापरलेल्याचा एकही नसतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुण्यात राहून हे करावं का? जरूर करा. एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) 1950 पासून इथे आहे आणि कॅटॅलिसिस, विशेषतः झिओलाइट (बारीक छिद्रांची खनिजं, जी कॅटॅलिस्ट म्हणून वापरतात), ही तिची जुनी ओळख. आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थाही शेजारीच. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा झाल्यावर गाइड निवडताना पेपरांची संख्या बघू नका. त्यांच्या विद्यार्थ्यांना गाठून दोन गोष्टी विचारा: एकच कॅटॅलिस्ट पुन्हा पुन्हा वापरून बघता का, आणि द्रवातल्या रिअ‍ॅक्शनसाठी हॉट फिल्ट्रेशन करता का? म्हणजे रिअ‍ॅक्शन अर्ध्यावर असताना गरम गरमच कॅटॅलिस्ट गाळून काढायचा. गाळलेल्या द्रवात ती तशीच पुढे चालू राहिली, तर धातू विरघळून बाहेर आलाय आणि काम तोच करतोय असं धरायचं.