आधी तो मायक्रोवेव्ह खाली उतरव

*"मावशी, मी ५१ वर्षांची, डोंबिवलीला वन बीएचकेत राहते. एकेकाळी अख्ख्या बिल्डिंगचे ब्लाउज शिवायचे. गेली ५-६ वर्षं शिवणाला हातच लागत नाही, इच्छाच होत नाही. मुलगी नोकरीला लागलीये, ती म्हणते आई नवीन मशीन घे. उषा जानोम, सिंगर, ब्रदर सगळ्यांचे व्हिडिओ बघून झाले, वहीत यादी केलीये, ठरत नाहीये. नवीन मशीनं हलकी असतात, काम झालं की माळ्यावर ठेवता येईल. हे म्हणतात आहे ते वापर आधी. माझ्या आवडीची ह्यांना कधी किंमतच नव्हती. लग्नात आईने दिलेलं पायाचं मशीन आहे, चांगलं आहे, फक्त त्यावर सध्या मायक्रोवेव्ह असतो. कुठलं घेऊ? आणि उत्साह परत कसा आणू?"*

अगं, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या मायक्रोवेव्हपाशीच अडकले. सध्या म्हणे! हे 'सध्या' किती वर्षांचं आहे गं? हात लागत नाही म्हणतेस त्या ५-६ वर्षांएवढंच असणार, पैज लावते. आणि तो तिथे ठेवला कुणी हे काही लिहिलं नाहीस. नवऱ्याने ठेवला असता तर नक्की लिहिलं असतंस, त्याच्याबद्दल बाकी सगळं लिहिलंयस की. तूच ठेवलास. ओट्यावर जागा नव्हती, प्लग तिथेच होता, म्हणून मशीनचं डोकं आत पाडलं, फळी बंद केली, वर एक रुमाल टाकला आणि थोडे दिवस म्हणून ठेवून दिला, हो ना?

आता त्यानंतर शिवायचं म्हणजे काय काय करायचं बघ. आधी ते धूड उचलून पलंगावर ठेवायचं, तेवढ्यात कुणाला तरी दूध गरम करायचं असतं, मग डोकं वर काढायचं, दोरा ओवायचा, बॉबिन भरायची आणि जेवणाच्या आत सगळं परत जागच्या जागी. आणि एवढं करून टीप किती मारायची, तर वीतभर उसवलेली शिवण! त्यापेक्षा जाऊ दे, खालच्या टेलरकडे देऊ. असं दहादा झालं की कुणाचंही मन उडेल, त्यात तुझं काही विशेष नाही.

आणि आता नवीन मशीन आणून माळ्यावर ठेवणार? वन बीएचकेत माळ्यावर गेलेली वस्तू गणपतीलाच खाली येते. हलकं हलकं म्हणतात त्या मशीनलाही ५-६ किलो वजन असतं, स्टुलावर चढून काढून बघ एकदा.

यादीचं विचारलंयस म्हणून सांगते. बॉक्सवर टाके वेगळे आणि अ‍ॅप्लिकेशन्स वेगळी मोजून मोठा आकडा छापतात, तू मात्र सरळ टीप, झिगझॅग आणि काज एवढंच वापरणार आहेस. बॉबिन वरून टाकायची आणि झाकणातून दिसणारी असली तर बरी, दोरा संपत आलाय ते कळतं. दुकानात जाताना घरचं कापड ने, जीन्सची चौपदरी घडी आणि शिफॉनचा तुकडा. दुकानदार कडक कॉटनवर शिवून दाखवतो, त्यावर कुठलंही मशीन झकास चालतं. पण हे सगळं दिवाळीनंतर. त्याआधी दुकानाची पायरी चढलीस तर मला पत्र लिहू नकोस.

ह्यांना किंमत नव्हती म्हणतेस, नसेलही. पण या वेळी तो माणूस बरोबर बोलला आणि बरोबर बोलला याचाच तुला राग आलाय.

रविवारी सकाळी मायक्रोवेव्ह उतरव. डोकं वर काढ. चाक फिरणार नाही, जुनं तेल सुकून चिकट झालं असेल, जोर लावू नकोस. सुईखालची पट्टी काढ, दात्यांमध्ये कापसाचा गच्च थर बसला असेल तो जुन्या टूथब्रशने काढ, प्रत्येक भोकात दोन-दोन थेंब तेल सोड, चाक हाताने थोडं मागेपुढे कर आणि रात्रभर तसंच ठेव. दुसऱ्या दिवशी परत. तरी नाही सुटलं तर मेकॅनिक बोलाव, पट्टा सैल असेल तर तोच कापून देईल. सुई नवीन घाल, १६ नंबरची.

लगेच ब्लाउज कापायला घेऊ नकोस हं. जुन्या चादरीवर नुसत्या टिपा मार. सुरुवातीला पाय उलटे पडतील, चाक मागे फिरेल, दोरा तुटेल, तू चिडशील. परत ओव. पंधरा मिनिटांत पायांना आठवेल, तुला नाही आठवलं तरी.

आणि मायक्रोवेव्ह कुठे ठेवू हे मला विचारायचं नाही, ज्याला दूध गरम हवंय तो शोधेल जागा. तेल मात्र मशीनचंच आण. घरात आहे म्हणून खोबरेल घालशील आणि जानेवारीत ते थिजलं की परत मलाच लिहिशील, इच्छा होत नाही म्हणून.