ग्राफिक्स कार्डासाठी ड्रायव्हर : कंपनीचा की मुक्त?

प्रश्न : माझ्या संगणकावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली असून संगणकात एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आहे. मी इंकस्केपमध्ये निमंत्रणपत्रिका आणि फलक तयार करतो व सध्या त्रिमितीय चित्रांसाठीचे ब्लेंडर शिकतो आहे. आता नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) चालू आहे, पण एक मित्र कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर बसवायला सांगतो. शक्य तिथे मुक्त सॉफ्टवेअरच वापरावे असे मला वाटते. कोणता ड्रायव्हर ठेवावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ब्लेंडरवर खरोखर काम करायचे असेल, तर या कार्डासाठी आपण कंपनीचाच ड्रायव्हर घ्यावा. मुक्त सॉफ्टवेअरचा आपला आग्रह मला मनापासून पटतो, त्यामुळे कारण नीट सांगायला हवे. कंपनीकडून पुरेशी माहिती मिळत नसताना, कार्ड कसे वागते याचा बाहेरून माग काढत नूव्हो लिहिला गेला आणि २०१० साली तो लिनक्सच्या २.६.३३ या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, दाखल झाला. परंतु जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्डाचा वेग बदलण्याचे काम कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असलेल्या फर्मवेअरकडे (कार्डातच चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) गेले आणि त्यासाठी लागणारे फर्मवेअर नूव्होच्या हाती आले नाही. आपले कार्ड त्यानंतरच्या मालिकेतले आहे. परिणामी ते संगणक सुरू होताना ज्या मंद वेगावर असते, त्याच वेगावर दिवसभर राहते. इंकस्केपला तेवढे पुरते. ब्लेंडरमध्ये अंतिम चित्र तयार करणाऱ्या सायकल्सला मात्र एनव्हिडियाच्या कार्डावर कूडा, म्हणजे कार्डाकडून आकडेमोड करून घेणारी कंपनीची प्रणाली, लागते आणि ती नूव्होवर चालत नाही, म्हणून रेंडरिंगचा (चित्र तयार करण्याचा) सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून हाताने बसवू नका. पुढे कर्नेल अद्ययावत झाला की पडदा काळा राहण्याची तक्रार बहुधा तिथूनच सुरू होते. उबुंटूच्या ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ या यादीतून कंपनीच्या ड्रायव्हरची ५८० ही शाखा (आवृत्त्यांची मालिका) निवडा. त्या यादीत ज्या नावांच्या शेवटी ‘ओपन’ असते, ती आपल्यासाठी नाहीत: कंपनीने २०२२ मध्ये खुले केलेले कर्नेल मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये चालणारा भाग) जीटीएक्स १६ व आरटीएक्स २० मालिका आणि त्यापुढील कार्डांवरच चालते. सिक्युअर बूट (स्वाक्षरी नसलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी संगणकाची सोय) चालू असेल, तर बसवताना एखादा पासवर्ड ठरवायला सांगितले जाऊ शकते. तसे झाल्यास पुन्हा सुरू होताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर ‘एनरोल मोक’ (स्वाक्षरीच्या किल्लीची नोंद) निवडून तोच पासवर्ड द्यावा. घाईत तो पडदा तसाच जाऊ दिला, तर ड्रायव्हर बसलेला असूनही कर्नेल तो स्वीकारत नाही.

५८० ही आपल्या पिढीच्या कार्डांना आधार देणारी शेवटची शाखा आहे, आणि बंदिस्त ड्रायव्हरची खरी किंमत इथे कळते: कार्ड धडधाकट असले तरी त्याचे आयुष्य कंपनी ठरवते. म्हणून पुढचे कार्ड घेताना ड्रायव्हरचा विचार आधी करा. आरटीएक्स २० आणि त्यापुढील कार्डांवर नूव्हो ६.७ या कर्नेलपासून कंपनीचे फर्मवेअर वापरून पूर्ण वेग गाठू शकतो, पण कूडासाठी कंपनीचाच ड्रायव्हर लागतो. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांचा मुक्त ड्रायव्हर २०१५ पासून कर्नेलमध्येच आहे, आणि आपल्या आग्रहाशी तो अधिक जुळतो. ब्लेंडर त्या कार्डांवर कूडाच्या जागी हिप वापरतो. ते वेगळे बसवावे लागते आणि प्रत्येक मॉडेलवर चालत नाही, तेव्हा पैसे देण्यापूर्वी ते मॉडेल ब्लेंडरच्या यादीत आहे ना, एवढे पाहून घ्या.