दोन किलोच्या डंबेलवर किती दिवस काढायचे?

प्रश्न : ताई, वय ४६, शाळेत शिकवते. जिना चढताना मांड्या भरून येतात म्हणून जिम लावली. ट्रेनर अर्धा तास ट्रेडमिलवर चालवतो आणि मग हातात दोन किलोचे डंबेल देतो, चार महिने झाले तेच चाललंय. वजन वाढवू का विचारलं तर म्हणे मॅडम, बॉडी पुरुषांसारखी होईल. सासूबाई म्हणतात कंबर धरेल. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : त्या ट्रेनरला विचारा, घरी सिलेंडर कोण सरकवतं? आत १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं वजन, म्हणजे भरलेला सिलेंडर साधारण ३० किलोचा, तो तुम्ही तिरका करून ओट्याखाली नेता तेव्हा कुणाला काळजी नसते आणि जिममध्ये मात्र दोन किलो! अहो, बायकांत टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा कितीतरी कमी असतं. तिथल्या पोरांना वर्षानुवर्षं घाम गाळून जे होत नाही ते तुम्हाला चुकून होणारे होय?

तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजायला लागतात, पाळी जायच्या सुमारास हाडांची झीजही वाढते, आणि नुसतं चालून हे भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना सुद्धा आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते.

मांड्यांसाठी स्क्वॉट. खुर्चीसमोर पाठमोऱ्या उभ्या राहा, दोन पायांत खांद्याइतकं अंतर, बूड मागे नेत खाली जा, खुर्चीला टेकलं न टेकलं की उठा. उठताना श्वास सोडायचा, बरेच जण तो कोंडून धरतात आणि बीपी वाढतं. दहा-बारा आरामात झाले की एक डंबेल छातीशी धरा. मग डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलणं. पाठ सरळ, वाकायचं खुब्यातून, वजन पायाला घासत वर आणायचं. कंबर धरते ती पाठीची कमान करून हिसका मारल्यावर, म्हणून आधी हलक्या वजनावर हे घोटवून घ्या. बारबेलची घाई नको, त्याचा मोठा रॉड नुसताच २० किलोचा असतो.

खरी मेख वजन वाढवण्यात आहे. ८ ते १२ रेप्स, म्हणजे तीच हालचाल सलग तितक्या वेळा, मारताना शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, बारावा गप्पा मारत होत असेल तर पुढच्या वेळी एक-दोन किलो वाढवा, आणि वहीत लिहा नाहीतर मागच्या वेळी किती उचललं ते आठवतच नाही. चार महिने तेच वजन म्हणजे शरीराला बदलायचं कारणच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी अंग दुखेल, ते ठीक, पण सांध्यात कळ आली तर थांबा. बीपी किंवा मणक्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

आणि खाण्यात प्रोटीन बघा. नुसते पोहे नि चहा घेऊन स्नायू बनत नाहीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, दिवसाला शरीराच्या वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅमपर्यंत जायचं बघा. किडनीचा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, वजन उचलून उंची खुंटेल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. आपल्या तालमीत याहून लहान पोरं जोर-बैठका काढतातच की. फक्त मित्रांना दाखवायला जास्तीत जास्त किती उठतंय ते बघायचं नाही, आणि शेजारी कुणीतरी जाणतं उभं पाहिजे.