शुगर लपवू नका, आईवडिलांना वेगळं ठेवा

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं टॉवेलचं छोटं युनिट आहे. माझं वय ४३, पत्नी ३९, मुलं १४ आणि १०, वडील ७१, आई ६६. मला चार वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. एजंट सहा जणांची मिळून ५ लाखांची फ्लोटर आरोग्य विमा पॉलिसी (सगळ्यांत मिळून एकच रक्कम) सुचवतोय, वर्षाचा हप्ता ५८,०००. शुगर फॉर्मवर लिहू नका, असंही म्हणतो. महात्मा फुले योजना आहेच, मग हे पैसे एफडीत टाकले तर?

उत्तर : ही पॉलिसी घेऊ नका. पण पॉलिसीच नको, असंही करू नका.

आधी शुगरचं बोलू, कारण घोळ तिथेच होणार आहे. दवाखान्यात दाखल होताना डॉक्टर विचारतात, शुगर-बीपी आहे का, कधीपासून? तुम्ही किंवा घरचे खरं तेच सांगता आणि केसपेपरवर लिहिलं जातं, ‘डायबेटिस, ४ वर्षे’. क्लेमसोबत हाच कागद कंपनीकडे जातो. पॉलिसी दोन वर्षांची आणि आजार चार वर्षांचा दिसला, की क्लेम नाकारला जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग पाच वर्षं हप्ते भरल्यावर माहिती दिली नाही म्हणून क्लेम अडवता येत नाही, हे खरं. पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही संरक्षण राहत नाही. उलट शुगर लिहून दिलीत, तर नियमानुसार आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं. हप्ता थोडा वाढेल, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी शुगर) तपासणी मागतील. तेवढं सोसा. शुगर असलेल्यांना कमी प्रतीक्षेत कव्हर देणाऱ्या पॉलिसीही आहेत, त्यांचं कोटेशन मागवा. अपघाताला मात्र पहिल्या दिवसापासून कव्हर असतं.

आता सहा जण एकत्र का नकोत? फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. म्हणजे मुलांच्या कव्हरसाठीही तुम्ही ७१ वर्षांच्या वडिलांच्या हिशेबाने पैसे मोजताय. शिवाय त्यांचं एक मोठं ऑपरेशन झालं, की त्या वर्षीचे ५ लाख बहुतेक संपले.

वडिलांचं केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड या आठवड्यातच काढा. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि जुन्या आजाराला थांबावं लागत नाही. आधार पुरतं. आईसाठी परवडेल तशी वेगळी पॉलिसी बघा. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला विमा नियामकाशी आधी सल्लामसलत करावी लागते.

महात्मा फुले योजनेत आता पांढरं रेशनकार्डही चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. तिचा आधार जरूर ठेवा. पण उपचार यादीतला आणि दवाखाना योजनेतला असावा लागतो. पुण्यातला तुमच्या पसंतीचा डॉक्टर त्यात असेलच असं नाही. एफडीचा हिशेब साधा आहे. तीन वर्षांत व्याज धरूनही दोन लाखांच्या आसपासच जाल. दुसऱ्याच वर्षी बायपास करायची वेळ आली, तर सुताच्या बिलासाठी ठेवलेलं भांडवल मोडावं लागेल.

म्हणून तुम्ही चौघांसाठी ५ लाखांची मूळ फ्लोटर घ्या आणि तिच्यावर ५ लाख डिडक्टिबलचा (म्हणजे पहिले ५ लाख सोडून त्यावरचं बिल देणारा) २० लाखांचा सुपर टॉप-अप. नुसता टॉप-अप नको. एका वर्षात ४-४ लाखांची दोन बिलं झाली, तर सुपर टॉप-अप दोन्हींची बेरीज धरून ५ लाखांवरचे ३ लाख देतो. साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण एकही बिल पाचच्या वर गेलेलं नसतं. शुगर सुपर टॉप-अपच्या फॉर्मवरही लिहा.

मूळ पॉलिसीत दोन अटी शोधा. पहिली खोलीभाड्याची. मर्यादा दिवसाला ५,००० असेल आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत, तर फक्त वरचे तीन हजार जात नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे १,६०,००० झाले असतील, तर त्याच प्रमाणात १,००,००० च मिळतात. औषधं आणि इम्प्लांटला ही कात्री लागत नाही, पण ६०,००० खिशातून गेलेच. दुसरी अट झोनची. काही कंपन्या सोलापूरच्या पत्त्यावर कमी हप्ता लावतात आणि पुण्या-मुंबईत उपचार घेतले की बिलाचा ठरावीक टक्का तुमच्यावर टाकतात. मोठ्या आजाराला आपली माणसं पुणं किंवा हैदराबाद गाठतात, तेव्हा असली पॉलिसी टाळाच.

तुम्हाला पगारी रजा नाही, हेही धरा. आरोग्य विमा दवाखान्याचं बिल भरतो, बंद पडलेल्या युनिटचं उत्पन्न देत नाही. अपघाताने काम थांबलं तर दर आठवड्याला रक्कम देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी स्वतःच्या नावावर घ्या.

कोटेशनची तारीख बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. ५८,००० त १८ टक्के धरले असतील तर तो आकडा जुना आहे. हप्ता यूपीआयने किंवा चेकने भरा, रोख भरलेल्या हप्त्याला प्राप्तिकरातली सूट नाही. ही सूटही जुन्या करप्रणालीतच मिळते.

पॉलिसी हातात आली की सोबतची फॉर्मची प्रत उघडा. शुगरपुढे ‘नाही’ असेल तर लगेच लेखी दुरुस्ती मागा. कंपनी तयार नसेल, तर ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते.