ऑनलाइन आभासी सरकारच्या विधिमंडळ निवडणुकीत उमेदवारांना काय विचारावं?

तुम्ही लिहिलंय की नेशनस्टेट्स या ऑनलाइन खेळात, जिथं प्रत्येक खेळाडू एक देश चालवतो आणि अशा देशांचा गट म्हणजे प्रदेश, तुमच्या प्रदेशात विधिमंडळाची निवडणूक लागलीय, प्रश्न विचारायला दोन-तीन दिवस मिळालेत आणि सगळे "तुमची भूमिका काय?" याच्या पुढं सरकत नाहीत. मी बेळगावचा, या खेळातही बरीच वर्षं आहे. माझ्या मते पहिला प्रश्न अधिकाराचा हवा: जे आश्वासन देताय, ते या पदाच्या हातात आहे का?

आमच्याकडं हा प्रश्न दर विधानसभेला पडतो. "सीमाप्रश्न सोडवतो" म्हणत मतं मागणारा कुणी ना कुणी येतोच. राज्याची हद्द बदलायचा अधिकार घटनेच्या कलम ३ नुसार संसदेचा. विधानसभेचं नुसतं मत मागवतात, तेही संसदेवर बंधनकारक नाही. शिवाय महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. जिल्ह्यातले १८ आमदार एकत्र आले तरी २२४ जणांच्या सभागृहात बसून हद्द हलवू शकत नाहीत. म्हणून खानापूरकडचा एखादा म्हातारा उमेदवाराला चहा देतो आणि सरळ विचारतो, "ते ऱ्हाऊ द्या ओ, सरकारी कागद मराठीतनं मिळावंत म्हणून सभागृहात कितींदा उभं ऱ्हायलासा?" मग उमेदवाराला दुसरा कप लागतो.

तुमच्या खेळात तर ही मेख जास्तच खोल आहे. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकानं २००२ मध्ये सुरू केलेला हा खेळ तुमच्या प्रदेशाची राज्यघटना ओळखतच नाही. विधिमंडळ, न्यायालय, कायदे हा सगळा खेळाडूंनी आपसात मांडलेला संसार. प्रदेशातल्या वर्ल्ड असेंब्ली (खेळातली संयुक्त राष्ट्रसंघासारखी सभा) सभासदांचा सर्वाधिक पाठिंबा ज्याला, तो डेलिगेट, म्हणजे प्रदेशाचा प्रतिनिधी होतो आणि अनेक ठिकाणी एखाद्या खेळाडूचा देश प्रदेशाबाहेर हाकलायचं बटणही त्याच्याकडं असतं. त्यानं ते दाबलं तर तुमचा ठराव त्याला अडवत नाही. म्हणून विचारा, "डेलिगेटनं तुम्ही केलेला कायदा धाब्यावर बसवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय करणार?" "कायदा आणखी कडक करू" म्हणणाऱ्याला खेळ कळलेला नाही. पाठिंबा काढून घ्यायला कुणाकुणाला गाठायचं, त्याच्या जागी कुणाला उभं करायचं, हे सांगणाऱ्याला निदान बघा.

दुसरा प्रश्न हजेरीचा. निवडून यायचं आणि गायब व्हायचं, हा आभासी सरकारांचा जुना रोग. मागच्या सत्रातल्या मतदानाच्या नोंदी आधी चाळून या, मग अमुक ठरावाला मत का दिलं नाही, एवढंच विचारा. "तुम्ही सक्रिय राहाल का?" याला कोण नाही म्हणणार! त्यापेक्षा परीक्षा किंवा नोकरीच्या धबडग्यात जमेनासं झालं तर किती दिवसांनी जागा सोडणार, हे वदवून घ्या.

एका वेळी एकच प्रश्न टाका. पाच टाकलेत की उमेदवार सोपे दोन उचलतो नि "सविस्तर नंतर" म्हणून मोकळा होतो. उत्तर गोल आलं तर तोच प्रश्न पुन्हा टाका, लाजू नका.

आणि विचारायचं ते चारचौघांत. कन्नड वस्तीत एक, मराठी गल्लीत दुसरं बोलायची खोड इथल्या प्रचारात मुरलेली आहे. तुमच्याकडं तेच काम डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरचे खासगी मेसेज करतात. तुम्हाला खासगीत काही शब्द दिला असेल तर "हे सगळ्यांसमोर लिहाल का?" म्हणा. बरेच जण तिथंच गळतात.

खरं नाव, वय, गाव मात्र कुणाला विचारू नका. यात शाळकरी पोरं पुष्कळ असतात, आणि त्यातली काही कायद्याचा मसुदा मोठ्यांपेक्षा चांगला लिहितात.