कोयीतून उगवलेलं पीच आणि नागपूरची थंडी

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बाजारातून आणलेल्या पीचची (आपल्याकडे ठेल्यावर आडू म्हणतात तेच) कोय अंगणात लावली, झाड चार वर्षांचं झालं, पानं भरपूर आहेत पण फूल एकही नाही. आता त्याचा दुसऱ्या झाडाशी संकर करून नागपूरचा स्वतःचा वाण काढता येईल का, आणि तो नावावर करता येईल का?

वाण काढता येईल. पण या झाडापासून सुरुवात करू नका.

येत्या जानेवारीअखेर एक गोष्ट करून बघा. मागच्या वर्षीची पेन्सिलीएवढी काडी हातात धरा. पीचला बहुतेक पेरावर तीन डोळे असतात. मधला बारीक, टोकदार असतो तो पानाचा, आणि बाजूचे दोन जाडसर, लवदार असतात ते फुलाचे. त्या जाड डोळ्यांवरून बोट फिरवलं आणि ते तपकिरी होऊन खाली गळले, तर तुमच्या झाडाने फूल धरलं होतं, उमलवता मात्र आलं नाही. कारण थंडी पुरली नाही. बाजारात येणारा माल बहुतांशी हिमाचल-उत्तराखंडचा. तिकडच्या जुन्या जातींना ७ अंशांखालचे आठशे-हजार तास लागतात. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर आला होता, पण अशा रात्री बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्यातही पहाटेचे काहीच तास. वर दुपारी ऊन तापलं की रात्रीची कमाई काही प्रमाणात पुसली जाते.

इथे आपण संत्र्याच्या सवयीने फसतो. मी स्वतः कलमांच्या रोपवाटिकेत वाढलो, त्यामुळे हे माझ्याही डोक्यात पक्कं बसलेलं होतं. संत्र्याच्या एका बीतून दोन-तीन रोपं येतात आणि त्यातली बहुतेक आईच्याच पेशींतून झालेली असतात. बी लावली तरी हाती जवळजवळ तेच झाड येतं, म्हणूनच संत्र्यात संकर करणं अवघड. पीचचं तसं नाही. एका बीत एकच गर्भ असतो, आणि तो खराखुरा आई-बापांचा. बहुतेक पीच स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे पोरं आईच्या वळणावर जातात, पण प्रत्येक रोप वेगळं निघतं. नवा वाण काढायला ही मोठीच सोय आहे. मात्र आई थंड प्रदेशातली असेल तर पोरंही थंडीच मागणार.

थंडीची गरज एका जनुकाने ठरत नाही. हजार तासवाली आणि दीडशे तासवाली जात एकत्र आणली तर पोरं साधारण मधे कुठेतरी पडतात. आपल्याला मधलंही परवडत नाही. फ्लोरिडा विद्यापीठात १९५० च्या दशकात राल्फ शार्प यांनी हेच काम हाती घेतलं तेव्हा ओकिनावा नावाच्या जातीसारखी अगदी कमी थंडीत फुलणारी, पण फळाला साधारण असलेली झाडं मोठ्या फळांच्या जातींशी जुळवली, आणि पुढच्या पिढ्यांत पुन्हा पुन्हा निवड केली. पुढे वेन शर्मन यांनी ते काम नेलं. फ्लोर्डाप्रिन्स ही त्यातलीच, तिला दीडशे तासांच्या आसपास पुरतात. त्या पिढ्यांची मेहनत झालेली आहे, ती वापरा. आपल्या देशातही हा रस्ता चाललेला आहे: सहारनपूर प्रभात हा वाण शरबती आणि फ्लोर्डासन यांच्या संकरातून आला. म्हणून मी म्हणेन, दोन्ही पालक कमी थंडीचे घ्या. फ्लोर्डाप्रिन्स, शान-ए-पंजाब, शरबती यांची कलमं उत्तरेकडच्या खात्रीच्या रोपवाटिकेतून मिळवा आणि दोन हिवाळे इथे बघा. एकसारखी फुलतात का, फळाचं टोक चोचीसारखं पुढे येतं का. थंडी कमी पडली की टोक वाढतं, फळ दबतं आणि बाजारात मार खातं.

आई कोणाला करायचं, याचा विचार नीट करा. लवकर पिकणाऱ्या जातीचं फळ तयार होतं तेव्हा आतली बी कच्चीच असते. कोय फोडली तर आत पातळ, सुरकुतलेलं टरफल निघतं. अशी बी प्रयोगशाळेत काढून वाढवावी लागते, घरी जमत नाही. म्हणून उशिराच्या जातीला आई करा आणि लवकरच्या जातीचा पराग आणा.

पराग काढायला उमलण्याच्या बेतातल्या, फुग्यासारख्या फुगलेल्या कळ्या घ्या. चहाच्या गाळणीवर घासून परागकोश कागदावर पाडा आणि रात्रभर सावलीत कोरड्या जागी राहू द्या. सकाळी पिवळी भुकटी दिसते. सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा. आईच्या झाडावरही तशीच फुगीर कळी निवडा. पीचच्या पाकळ्या आणि पुंकेसर दोन्ही फुलाच्या वाटीच्या काठावर असतात. अंगठ्याच्या नखाने ती वाटी गोल खुडली की सगळं एकदम निघून येतं आणि मधे फक्त हिरवा स्त्रीकेसर उभा राहतो. नख त्याला लागू देऊ नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बोटाच्या टोकाने पराग लावा. पाकळ्या नसल्याने मधमाशी फारशी फिरकत नाही, तरी मी पहिल्या वर्षी मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या. न खुडलेली बाकीची फुलं त्या फांदीवरून काढून टाका, आणि दोरा बांधून तारीख लिहा. दोऱ्याशिवाय मेमध्ये काहीच आठवत नाही.

माझी सगळ्यात महागडी चूक पुढच्या टप्प्यावर झाली. कोय फोडून आतली बी ओल्या कोकोपीटमध्ये फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, चार अंशांच्या आसपास, दीड-दोन महिने. मी घाईने तीन आठवड्यांतच काढली. रोपं उगवली, पण पेरं लांबलीच नाहीत. सगळी पानं एकावर एक, कोबीच्या रोपासारखी जमिनीला चिकटून बसली. मला वाटलं बुटका वाण मिळाला! दोन महिने मी ती रोपं लोकांना कौतुकाने दाखवत होतो. तो वाण नव्हता, बीची थंडी अपुरी राहिली होती. मुळं पांढरी फुटून अर्धा इंच दिसेपर्यंत बी काढू नका. फ्रीजमध्ये जवळ सफरचंद किंवा केळी ठेवू नका, त्यांच्या वायूने बी बिघडते. आणि ही बी कडू, विषारी असते, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मेमध्ये मिळालेली बी कोरडी ठेवून सप्टेंबरअखेर फ्रीजमध्ये घातली तर रोपं पावसाळा टाळून नोव्हेंबरात पिशवीत जातात.

आपल्या काळ्या कन्हारात (भारी, पाणी धरणाऱ्या जमिनीत) पीच लावूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस मुळांत पाणी साचलं की झाड गेलं. माझा तुकडा कळमेश्वरच्या बाजूला मुरमाड उताराचा आहे, तरी उंच वरंब्यावरच लावतो. रोपं तीन फुटांवर दाटीने लावा, तिसऱ्या वर्षी फळ दिसतं. पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो, पानं अवेळी गळतात आणि सप्टेंबरमध्ये खोटी फुलं येतात. ज्या रोपाची पानं टिकली त्यावर खूण करा. फळ मेच्या भट्टीआधी उतरलं पाहिजे, हे नागपूरसाठी मी चवीच्याही वर ठेवतो. २०१३ च्या मेमध्ये इथे ४७.९ अंश झाले होते, त्या उन्हात झाडावरचं फळ उकडून निघतं. साठ रोपांतून मी दोन ठेवली. बाकी तोडताना जीव तुटतो, पण तोडा, नाहीतर जागा आणि पाणी त्यांच्यातच जातं.

निवडलेल्या झाडाचे डोळे दुसऱ्या खुंटांवर (कलमाखालच्या मुळाच्या रोपांवर) भरून किमान दोन ठिकाणी चार-पाच झाडं करा. मूळ निवडलेल्या झाडावर जे दिसलं तेच कलमांवर सलग दोन-तीन बहार दिसलं तरच तो वाण. नोंदणीचं त्यानंतर. पिकांच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांच्या २००१ च्या कायद्यात वाण नवा, वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो, झाडांसाठी संरक्षण १८ वर्षांचं आहे. तोवर दरवर्षीची फुलण्याची तारीख, पिकण्याची तारीख, फळाचं वजन एका वहीत लिहीत राहा. माझ्या दोन झाडांपैकी एकाची कलमं यंदा दुसऱ्यांदा फुलतील, त्यामुळे मी अजून नाव ठेवलेलं नाही.

तुमचं अंगणातलं झाड तोडू नका. ते खुंट म्हणून कामाचं आहे. येत्या हंगामात त्याच्या तीन फांद्यांवर फ्लोर्डाप्रिन्सचे डोळे भरा. डोळकाडी मिळाली नाही तर मला कळवा, जानेवारीत छाटणी करतो तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवीन.