दाखल्यावर वडिलांचं नाव कुठे आहे?

ताई,

तुमचं माहेर भुसावळ, सासर इंदूर, लग्नाला चौदा वर्षं झाली. दोन्ही घरांची जात एकच आणि ती महाराष्ट्र व मध्यप्रदेश या दोन्ही राज्यांच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. 2019 मध्ये तुम्ही नवऱ्याच्या कागदांवर इथला, मध्यप्रदेशचा जातीचा दाखला काढलात, आणि आता विचारताय की अनुसूचित जाती महिला वार्डातून पार्षदपदासाठी (म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकपदासाठी) तो चालेल का. महाराष्ट्रातून इथे सून म्हणून आलेल्या बायका निवडणुकीच्या तोंडावर मला हेच विचारत असतात.

आज आहे तसा तो चालणार नाही.

जात जन्मानं मिळते, लग्नानं नाही, हे तुम्हीही जाणता. घोडं अडतं ते पुढे. राज्यघटनेचं कलम 341 जातींची यादी 'त्या राज्याच्या संबंधात' जाहीर करतं. म्हणजे राज्य बदललं की सवलत मागे राहते, जात दोन्ही याद्यांत असली तरी. सर्वोच्च न्यायालयानं हे 1990 मध्येच मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सांगितलं. 2018 चं रंजना कुमारी प्रकरण तर तुमच्यासारखंच: पंजाबातली वाल्मीकि समाजाची मुलगी लग्न होऊन उत्तराखंडात आली, जात दोन्हीकडे अनुसूचित, उत्तराखंडचा दाखलाही हातात. तरी तिथल्या आरक्षणाचा लाभ तिला मिळाला नाही.

तुम्ही पाठवलेला दाखल्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. पिता/पती या रकान्यात पतीचं नाव आहे, वडिलांचं कुठेच नाही. कुणीतरी 'भाभी, सब हो जाएगा' म्हणालं आणि तुम्ही सही करून मोकळ्या झालात. समोरच्या उमेदवाराच्या वकिलाला तो एक रकाना पुरेल.

आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की आजोबा बुरहानपूरला कापड गिरणीत होते, वडील रेल्वेच्या नोकरीमुळे भुसावळला गेले. अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! मध्यप्रदेशात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 ची तारीख पाहतात: त्या दिवशी तुमचं कुटुंब या राज्यात राहत होतं का? बुरहानपूर तेव्हाही मध्यप्रदेशात होतं, आजही आहे. आजोबांचा त्या काळातला रहिवास कागदावर दाखवता आला, तर वडिलांच्या बाजूनं, तुमच्या स्वतःच्या हक्कानं दाखला मागता येईल. शाळेच्या दाखिल-खारिज (प्रवेश-निर्गम) रजिस्टरचा उतारा, गिरणीतली नोंद, घराची किंवा जमिनीची नोंद, मतदारयादी, जे सापडेल ते शोधा. मात्र वडिलांनी महाराष्ट्रात जातीचा दाखला काढला असेल तर त्यात मूळ गाव काय लिहिलंय ते आधी बघा. तिथे भुसावळ असेल तर तुमचाच कागद तुमच्यावर उलटेल. तो पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

हे सगळं आत्ता करा, नामांकनाच्या आठवड्यात नाही. एसडीएम (म्हणजे तिकडचे प्रांत) कार्यालयातल्या फाइली आपल्या घाईनं हलत नाहीत. शिवाय निवडणूक लागली की कलम 243-झेडजीमुळे न्यायालयाचं दार जवळजवळ बंद होतं. उमेदवारी अर्ज फेटाळला गेला तरी निकालानंतर निवडणूक याचिका करणं एवढाच मार्ग उरतो. तुम्ही निवडून आलात तर हाच मार्ग हरलेल्या उमेदवारालाही मोकळा असतो, राजपत्रात निकाल आल्यापासून 30 दिवस. अशा याचिका रेंगाळतात आणि पदाच्या मुदतीतला बराच काळ तारखांना हजर राहण्यात जातो. वार्डातल्या बायकांनी पाण्यासाठी, ड्रेनेजसाठी तुम्हाला निवडून द्यावं आणि तुम्ही कोर्टात बसून राहावं, हे मला बघवत नाही.

कागद नाही सापडले, तर अनारक्षित महिला वार्ड आहेच. तिथे जातीचा दाखला लागत नाही. इंदूरच्या मतदारयादीत नाव, 21 वर्षं पूर्ण आणि बाकीच्या अपात्रता नसणं एवढं पुरतं. इंदूरच्या 85 पैकी निम्मे वार्ड महिलांसाठी असतात, तेव्हा दार लहान नाही. कुठला वार्ड कुठल्या वर्गाला जाईल ते आरक्षणाच्या सोडतीनंतरच कळेल. महापालिकेच्या थकबाकीचं वेगळं तपासावं लागेल, त्यासाठी करपावत्या पाठवा.

2019 च्या दाखल्यावर मात्र काहीही भरू नका, पक्षाच्या तिकिटाचा फॉर्मसुद्धा नाही. या रविवारी भुसावळला फोन करा आणि वडिलांना दोनच गोष्टी विचारा: आजोबा बुरहानपुरात कुठल्या मोहल्ल्यात राहत होते, आणि बाबा स्वतः कुठल्या शाळेत शिकले.